गाडी जर्मन, बिल आपलं

२०२२ च्या दसऱ्याला आमच्या चुलत जाऊबाईंच्या अंगणात गाडी आली. काळी कुळकुळीत, लांबलचक, नाकावर परदेशी बिल्ला. आमचं गाव म्हणजे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. इथे कौतुक असतं ते ट्रॅक्टरचं, बुलेटचं, फार तर फॉर्च्युनरचं. जर्मन गाडी आमच्या आळीत राहायला आलेली आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. पोरंटोरं तर सोडाच, शेजारच्या आजीबाईसुद्धा काठी टेकत बघायला आल्या.

अक्का (जाऊबाईंना मी अक्काच म्हणते) आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या. गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा थोरले भाऊजी म्हणाले, "जरा लांब फोडा, रंगावर पाणी उडेल." तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो.

समृद्धी महामार्गात त्यांची जमीन गेली. मोबदल्याच्या पैशातून कर्ज फिटलं, थोरलीचं लग्न झालं, माडीवर दोन खोल्या चढल्या, आणि उरलेली रक्कम बँकेत ठेव म्हणून ठेवली होती. ती ठेव मोडून भाऊजींनी ही चार वर्षं वापरलेली डिझेल गाडी घेतली. नवी असताना पंचावन्न लाखांची, यांना मिळाली बावीस लाखांत. "अर्ध्याहून कमी!" हे वाक्य त्या दिवशी मी किमान दहा वेळा ऐकलं. मी हळूच अक्कांना विचारलं, "तुम्हाला विचारलं होतं का हो?" तर म्हणाल्या, "विचारलं ना. रंग कोणता घेऊ म्हणून विचारलं."

आता तुम्ही म्हणाल, बाईमाणसाला काय करायच्यात गाड्यांच्या उठाठेवी? मलाही तसंच वाटायचं. आमच्या घरी तेरा वर्षांची वॅगनआर आहे. तिचा हॉर्न सोडून सगळं वाजतं, पण ती चालते, आणि बिघडली तर बसस्टँडमागचा मिस्त्री दुपारपर्यंत नीट करून देतो. गाडी म्हणजे एवढंच, अशी माझी समजूत. पण पुढच्या अडीच वर्षांत अक्कांच्या घरात जे झालं ते मी जवळून पाहिलं, आणि मग मला खरंच प्रश्न पडला की या जर्मन गाड्यांचं एवढं नाव आहे ते खरं आहे का, आणि खरं असेल तर त्यासाठी एवढी किंमत मोजावी का? मग माझ्या सवयीप्रमाणे मी वाचत सुटले, दिसेल त्याला विचारत सुटले.

आधी चांगलं सांगते. पहिल्यांदा आम्ही त्या गाडीतून शेगावला गेलो. खरं सांगू का, मी त्या दिवशी पार विरघळले! दार लावलं की "थुप्" असा गुबगुबीत आवाज येतो आणि बाहेरचं जग जणू गप्प होतं. मला एरवी पुढे बसूनही गाडी लागते, त्या दिवशी मागे बसून, मोबाईलवर वाचूनही काही झालं नाही. भाऊजींनी काटा दाखवला तेव्हा कळलं की आपण शंभरच्या वर आहोत. इतकी जड गाडी, पण वळणावर जमिनीला धरून. तेव्हा नाव उगाच झालेलं नाही, हे पहिलं कबूल करायला हवं.

हे नाव झालं कसं, त्याची गोष्ट मोठी रंजक आहे, आणि त्यात बायका आहेत म्हणून तर ती सांगितलीच पाहिजे. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट घेतलं. त्यांच्या धंद्याच्या सुरुवातीला भांडवल कुणाचं होतं? त्यांच्या पत्नीचं, बर्था यांचं. लग्नाआधीच आपल्या हुंड्याची रक्कम तिने त्यांच्या कारखान्यात घातली होती. गाडी तयार झाली तरी लोक ती घ्यायला धजत नव्हते. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी त्या गाडीने गेली. शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता! पेट्रोलपंप तर नव्हतेच. वाटेतल्या वीस्लोख गावात औषधाच्या दुकानातून तिने डाग काढायचं द्रव घेतलं आणि ते इंधन म्हणून घातलं. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली. एका तारेवरचं आवरण गेलं तर पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे जर्मन गाडीची वाटेतली पहिली दुरुस्ती एका गृहिणीने केली, आणि तीही जवळच्या सामानात. ते चामड्याचं बिल किती झालं असेल, असं मला राहून राहून वाटतं.

आणि 'मर्सिडीज' हे तरी काय? एका मुलीचं नाव. एमिल येलिनेक नावाचे व्यापारी या गाड्या विकायचे. त्यांनी आपल्या लेकीचं नाव गाडीला दिलं आणि १९०२ मध्ये ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं गेलं. म्हणजे भांडवल बायकोचं आणि नाव लेकीचं. असो.

'मेड इन जर्मनी' या शब्दांची गंमत तर आणखी वेगळी. इंग्रजांनी १८८७ मध्ये कायदा केला की बाहेरच्या मालावर देशाचं नाव छापलंच पाहिजे. हेतू हा की जर्मनीचा स्वस्तातला माल लोकांनी ओळखावा आणि टाळावा. झालं उलटंच. पुढे तोच शिक्का चांगल्या मालाची खूण ठरला. टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पळणाऱ्या मर्सिडीजनी हे नाव पक्कं केलं. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने आपली १९७६ ची मर्सिडीज ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयाला दिली. अर्थात त्या प्रवासात इंजिनं अनेकदा बदलावी लागली, पण गाडी तीच.

आपल्याकडेही या गाड्या आता परक्या राहिलेल्या नाहीत. मर्सिडीजचं भारतातलं काम १९९५ मध्ये पुण्यात सुरू झालं, पुढे चाकणला कारखाना झाला. आमच्या शेजारी शेंद्र्याला ऑडीच्या गाड्या जुळवल्या जातात. आणि ऑक्टोबर २०१० ची गोष्ट तर मराठवाड्यातल्या वाचकांना आठवत असेलच. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉक्टर, उद्योजक, व्यापारी अशा मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींची खरेदी! देशभर बातमी झाली. आमच्याकडच्या कित्येक पुरुषांच्या मनात जर्मन गाडीचं बी त्या दिवशी पडलं असावं, असा माझा अंदाज. त्यातलंच एक थोरल्या भाऊजींच्या मनात रुजलं आणि बारा वर्षांनी उगवलं.

आता अंगणातल्या गाडीकडे येते. जुलै २०२३. पावसाची झड लागली होती. सकाळी अक्कांनी दार उघडलं तर गाडी पुढच्या डाव्या अंगाला खाली बसलेली. गुडघा टेकलेल्या बैलासारखी दिसत होती अगदी. भाऊजींना वाटलं पंक्चर. चाक तर टणक होतं. बसस्टँडमागच्या मिस्त्रीला बोलावलं. तो बिचारा चारी बाजूंनी फिरला, वाकून पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, "याला मी हात लावत नाही. माझ्याकडं याचा पानाबी नाही आन् कॉम्प्युटरबी."

त्या गाडीला आपल्या गाडीसारख्या लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या, त्याऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे होते. म्हणून तर शेगावच्या रस्त्यावर पोटातलं पाणी हललं नव्हतं. खड्ड्यांनी आणि वयाने तो रबर चिरला. हवा निसटत राहिली, आणि ती भरत राहण्याच्या नादात हवेचा पंपही जळला. गाडी ट्रकवर चढवून शहरातल्या वर्कशॉपला न्यावी लागली. तीन आठवड्यांनी परत आली. बिल तीन लाख चाळीस हजार. पुढचे दोन्ही फुगे, पंप, मजुरी, कर, शिवाय ट्रकचं भाडं वेगळं.

माझ्या डोळ्यांसमोर अजून त्या दिवशीची बचत गटाची बैठक आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला आम्ही अठरा जणी बसतो. कुणाला शेळी घ्यायची असते, कुणाला शिलाई मशीन, कुणाच्या घरात दुखणं. अक्का गटाच्या पहिल्यापासूनच्या सभासद, पण कर्ज त्यांनी कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी मान खाली घालून म्हणाल्या, "मला वीस हजार पाहिजेत. धाकटीची फार्मसीची फी भरायची राहिलीय." क्षणभर कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातून आवाज आला, "दारात एवढी गाडी उभी आहे, आन् फीला कर्ज?" बोलणारी वाईट नव्हती. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी बाई ती, तिला खरंच कळत नव्हतं. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. कर्ज दिलं आम्ही. रजिस्टरात कारण लिहिलं, 'मुलीची फी'. खरं कारण काय ते सगळ्यांनाच माहीत होतं. बाकीची रक्कम अक्कांच्या पाटल्या गहाण पडून उभी राहिली.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. पण इथेच एक गोष्ट आहे जी कुणी नीट समजावून सांगत नाही. माझा एक भाचा गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे. मी त्याला विचारलं, "अरे, बावीस लाखांच्या गाडीला साडेतीन लाखांची दुरुस्ती?" तो हसला. "मावशी, गाडी तुमच्यासाठी बावीस लाखांची झाली. तिच्या सुट्या भागांना कुठे माहितीय? ते अजून पंचावन्न लाखांच्याच गाडीचे आहेत." किती साधी गोष्ट! वापरलेल्या गाडीची किंमत दर वर्षी पायरी पायरीने उतरते, सुट्या भागांची उतरत नाही, उलट चढतेच. आपण अर्ध्याहून कमी किमतीत गाडी घेतो, तिचा खर्च मात्र पूर्ण किमतीचा राहतो, आणि वयामुळे तो वाढत जातो.

त्यानेच मला बाकीचंही समजावलं. या गाड्यांत डझनावारी छोटे छोटे संगणक असतात. दिव्याला वेगळा, दाराला वेगळा, खुर्चीला वेगळा. काही भाग नुसते बसवून भागत नाही, कंपनीच्या संगणकावरून गाडीला त्याची ओळख करून द्यावी लागते. नव्या सुनेला घरातल्या माणसांची ओळख करून देतात, तसंच म्हणा ना. काही गाड्यांत बॅटरी बदलली तरी हे करावं लागतं. म्हणून गल्लीतला मिस्त्री हात लावत नाही. पुढचा दिवा फुटला तर काच बदलून चालत नाही, अख्खा दिवाच बदलायचा, आणि तो एक दिवा लाख-दीड लाखाच्या पुढे सहज जातो. बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये स्टेपनीच नसते. पंक्चर झालं तरी काही अंतर चालणारे खास टायर असतात, त्यांची किंमत ऐकली तर आमच्या वॅगनआरचे चारही टायर एकात येतील. डिझेल गाडी असेल तर धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर पळावी लागते. भाजी मंडई ते घर आणि घर ते शाळा एवढीच फिरवली तर ती जाळी तुंबते आणि पुन्हा खर्च. म्हणजे गाडी उभी ठेवून जपली तरी पंचाईत!

माझ्या मैत्रिणीची लेक जर्मनीत स्टुटगार्टला असते, म्हणजे मर्सिडीज आणि पोर्शे यांच्या गावातच. तिला फोन करून विचारलं, "तुझ्याकडे कोणती गाडी आहे गं?" म्हणाली, "मावशी, आम्ही ट्रामने जातो." मला हसू आवरेना. पण मग तिने जे सांगितलं ते मोलाचं होतं. तिकडे नव्या महागड्या गाड्यांचा मोठा वाटा कंपन्यांच्या नावावर असतो. साहेबाला गाडी कंपनी देते, सर्व्हिसिंग कंपनी करते, आणि तीन-चार वर्षांनी गाडी परत करून साहेब दुसरी घेतो. गाडी तीन वर्षांची झाली की तिची सक्तीची तपासणी सुरू होते, मग दर दोन वर्षांनी. ब्रेक, दिवे, गंज, धूर सगळं बघतात, आणि दोष निघाला तर दुरुस्त केल्याशिवाय पास करत नाहीत. रस्ते गुळगुळीत, वर्कशॉप जवळ, तारीख आली की तेल बदललंच. तिथलं नाव हे असं राखलं जातं. त्या नावाचं सुख घेतो तो पहिला मालक. मग गाडी दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जाते, आणि रबर चिरायची वेळ नेमकी त्याच्या दारात येते. आमचे भाऊजी हे त्या साखळीतले दुसरे, आणि रस्ता जालना जिल्ह्यातला!

टिकाऊपणाचं म्हणाल, तर जुन्या नावाला अधूनमधून तडेही गेलेत. मार्च २००५ मध्ये मर्सिडीजने जगभरातून १३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ब्रेकपासून बॅटरीपर्यंत दोष निघाले होते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण गाजलं. धुराच्या तपासणीत पास व्हावं म्हणून गाडीच्या संगणकातच लबाडी करून ठेवलेली, आणि अशा गाड्या जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख! त्यात याच घरातली ऑडीही होती. अमेरिकेत जे. डी. पॉवर नावाची संस्था आहे, ती तीन वर्षं गाडी वापरलेल्या मालकांना तक्रारी विचारून दर वर्षी यादी लावते. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी तिथे पहिली आली जपानी लेक्सस. म्हणजे "जर्मन आहे, बिघडणारच नाही" हे आपण टॅक्सीच्या जमान्यातलं ऐकीव धरून बसलोय. त्या जुन्या टॅक्सीत संगणक नव्हते, हवेचे फुगेही नव्हते. बिघडायला होतं काय?

इथपर्यंत लिहून मी हा लेख मागच्या वर्षीच पाठवणार होते. शेवटही ठरला होता, की हा पांढरा हत्ती कुणी पोसू नये. पण जानेवारी २०२५ मध्ये जे घडलं त्याने माझी लेखणी थांबवली.

भाऊजी आणि पुतण्या पहाटे समृद्धीवरून नागपूरकडे निघाले होते. अंधार, थोडं धुकं. अचानक डाव्या बाजूने नीलगाय समोर आली. पुतण्याने करकचून ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे घेतली. तो सांगतो, गाडी फिरेल, उलटेल असंच वाटलं होतं, पण ती सरळ राहिली. तरी धडक बसलीच. पुढचा भाग चेपून गेला, सहाही फुगे उघडले. हे दुसरे फुगे, एअरबॅगचे. भाऊजींच्या खांद्याला पट्ट्याचा काळानिळा वळ आणि पुतण्याच्या मनगटाला मुकामार. बस्स! दोघंही दार उघडून पायांनी बाहेर आले. दार उघडलं, हे महत्त्वाचं.

मी परत वाचायला बसले. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा करायचा, म्हणजे धडक तो खातो आणि माणसाची खोली शाबूत राहते, ही कल्पना बेला बारेनी या मर्सिडीजच्या इंजिनिअरची, आणि १९५९ पासून ती त्यांच्या गाड्यांत आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम न होता गाडी वळवता यावी, ती एबीएसची सोय १९७८ मध्ये त्यांनी बॉशबरोबर आणली. गाडी घसरू लागली तर एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ धरणारी ईएसपीही १९९५ मध्ये प्रथम त्यांच्याच गाडीत आली. तिची हकिकत तर आमच्या नीलगायीशी जुळणारी. १९९७ मध्ये स्वीडनच्या पत्रकारांनी मर्सिडीजची नवी छोटी गाडी तपासली. रस्त्यात सांबरासारखं मोठं जनावर आडवं आलं असं समजून एकदम वळवून बघायची, अशी ती परीक्षा. आणि ती गाडी चक्क उलटली! जगभर छी थू झाली. मग कंपनीने त्या छोट्या गाडीतसुद्धा ईएसपी सरसकट बसवली. नाव गेलं तिथूनच ते कमवावं लागलं.

अक्का दवाखान्यात मला म्हणाल्या, "काय बोलू गं. त्या गाडीनं माझ्या पाटल्या खाल्ल्या, आन् तिनंच माझं कुंकू राखलं. पोरगंबी राखलं." यावर मी काय बोलणार?

पण आठवड्याभराने डोकं थंड झाल्यावर मी भाच्याला पुन्हा विचारलं. हे दुसऱ्या गाडीत झालं नसतं का? तो म्हणाला, वीस वर्षांपूर्वी नसतं झालं. आता होऊ शकतं. एबीएस आपल्याकडे २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचं आहे, पुढच्या दोन एअरबॅग २०२२ पासून. टाटा नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले, २०२४ मध्ये नव्या डिझायरलाही मिळाले. आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाचीच भारत एनकॅप चाचणी सुरू झाली आहे. जर्मन इंजिनिअरांनी पन्नास-साठ वर्षांत जे शोधलं, त्यातलं बरंचसं आज दहा-बारा लाखांच्या देशी गाडीतही येतं. जड गाडीचा फायदा थोडा राहतोच, तो नाकारत नाही. पण केवळ जीव वाचावा म्हणून ठेव मोडायची आज गरज नाही. हे श्रेय त्यांचंच, पण त्याचं बिल आपण आयुष्यभर फेडत बसायला नको.

त्या धडकेनंतरचा हिशोबही ऐका. सहा एअरबॅग, पट्टे, दिवे, रेडिएटर, सेन्सर, बॉनेट... दुरुस्तीचा अंदाज आला साडेचौदा लाख. विम्यात गाडीची किंमत धरली होती सतरा लाख. दुरुस्ती त्या किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांवर गेली की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. तशी ती काढली. वरून बघाल तर निम्मी गाडी अगदी नवीकोरी. पण जीव वाचवायला जे जे उघडलं, फुटलं, चेपलं, तेच सगळ्यात महाग होतं.

पैसे मिळाले, कारण पॉलिसी भाऊजींच्या नावावर झालेली होती. इथे मी जरा स्वतःची पाठ थोपटून घेते. दसऱ्याला गाडी आली तेव्हा मीच पुतण्याच्या मागे लागले होते, की आरसी बुक नावावर झालं का, विमा झाला का? वापरलेली गाडी घेतली की चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. तो जुन्याच मालकाच्या नावावर राहिला, तर अपघातानंतर आपल्या गाडीचे पैसे मिळणं मुश्किल. आणि पावसाळ्याचं एक सांगून ठेवते, गाडी कुठलीही असो. पाण्यात बंद पडली तर पुन्हा पुन्हा चालू करू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं आणि इंजिन फुटतं. साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. जर्मन इंजिनाचा आकडा तर मी विचारलासुद्धा नाही.

मग घ्यावी की नाही ही गाडी? मला विचाराल तर ज्याला नवी घ्यायची ऐपत आहे, शहरात कंपनीचं वर्कशॉप जवळ आहे, वॉरंटी आहे, आणि जो पाच वर्षांनी मागे वळून न बघता विकून टाकेल, त्याने खुशाल घ्यावी. त्याला दिलेल्या पैशाचं सुख मिळतं, हे मी शेगावच्या रस्त्यावर स्वतः अनुभवलंय. हौसेला मोल नाही. पण शिल्लक ठेव मोडून, स्वस्तात मिळाली म्हणून वापरलेली घेणाऱ्याने आधी तिची नव्याची किंमत बघावी आणि ती आपल्याला झेपली असती का, ते स्वतःला विचारावं. पहिल्याच वर्षी तीन-चार लाख बाजूला काढता येत नसतील, तर ती गाडी स्वस्त नाही. आणि हे विचारायला घरातल्या बाईला गाडीतलं काही कळलंच पाहिजे असं नाही. रंग कोणता, या प्रश्नाआधी "बिघडली तर कुठे न्यायची आणि किती लागतील?" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

विम्याचे पैसे आले तेव्हा अक्का पहिल्यांदाच स्वतः बँकेत गेल्या. पाटल्या सोडवल्या. गटाचे वीस हजार तर त्यांनी आधीच शिलाईच्या पैशातून फेडले होते, एक हप्ता न चुकवता. उरलेल्या रकमेची दोघांच्या नावावर ठेव केली. मॅनेजरने "कोणाच्याही एकाच्या सहीने काढता येईल असं ठेवू का?" असं विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "नको. दोघांच्याबी सह्या लागू द्या."

परवा त्यांच्याकडे गेले होते. भाऊजी झोपाळ्यावर बसून मोबाईल बघत होते. मला बघून म्हणाले, "हे बघा वहिनी, काय गाडी आहे. जर्मनच. डॉक्टरांची आहे, एकच मालक, अठरा लाखांत देताहेत."

स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला, "सर्व्हिसचे सगळे कागद आहेत का विचारा. आन् नवीची किंमत किती होती तेबी विचारा."

भाऊजींनी मोबाईल पालथा ठेवला आणि मला विचारलं, "चहा घेणार ना?"